कर्मचाऱ्यांच्या मोटारींचा पैरा : कामाच्या ठिकाणचा प्रवास आराखडा कसा तयार करावा

सकाळी पावणेआठच्या सुमारास कोल्हापुरात शाहू नाक्यापाशी महामार्गाच्या कडेला थोडा वेळ उभे राहून कागलच्या दिशेने जाणाऱ्या मोटारींकडे पाहिले, तर बहुतेक मोटारींत चालकाशिवाय कोणी दिसत नाही. एकाच कारखान्याच्या पार्किंगचा स्टिकर काचेवर लावलेल्या दोन मोटारी एकामागोमाग जातात, एकीचा मालक आर. के. नगरात राहतो आणि दुसरीचा मोरेवाडीत, आणि दोघे संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वेळी, वेगवेगळ्या मोटारींतून एकेकटे परततात. या दोघांना एका मोटारीत बसवणे हे वरवर पाहता अगदी सोपे काम वाटते. प्रत्यक्षात ते दोघांच्या सदिच्छेवर सोडले तर होत नाही, आणि झाले तरी महिन्याभरात मोडते, असा माझा अनेक वर्षे कारखान्याच्या प्रशासनात काम केल्यानंतरचा अनुभव आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याला या व्यवहाराचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल आहे तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोड करून औत धरतो, आज माझ्या रानात आणि उद्या तुझ्या रानात, आणि त्याला पैरा म्हणतात. पैऱ्यात पैसे मोजले जात नाहीत. पाळी मोजली जाते. नोकरदारांच्या कार शेअरिंगची घडी याच तत्त्वावर बसवावी, असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्याच्या उलट टोकाला आपल्याकडे वडाप, म्हणजे प्रवासी गोळा करून नेणारी भाड्याची गाडी, आहे. वडापमध्ये प्रवासी भाडे देतो आणि चालक भाड्यासाठी गाडी चालवतो. पैऱ्यात सगळेच प्रवासी असतात आणि सगळेच कधी ना कधी चालक असतात. कायदा, विमा आणि माणसामाणसांतील संबंध या तिन्ही बाबतींत हा फरक पुढे कामाला येतो.

प्रवास आराखडा म्हणजे कर्मचारी कामावर कसे येतात याची नोंद घेऊन, त्यात कोणता बदल घडवायचा, त्यासाठी कंपनी काय देणार आणि कोणत्या कामाची जबाबदारी कोणाकडे राहणार, हे लिहून काढलेली चार-पाच पाने. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सेंट पॉल येथील थ्रीएम कंपनीने १९७३ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सामायिक व्हॅन सुरू केल्या. लॉस एंजेलिस परिसरात १९८८ पासून १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कर्मचाऱ्यांच्या मोटारफेऱ्या कमी करण्याचा आराखडा सादर करावा लागू लागला, आणि इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराने एप्रिल २०१२ पासून ११ किंवा त्याहून अधिक पार्किंगच्या जागा देणाऱ्या मालकांवर त्या जागांसाठी शुल्क बसवले. या सगळ्या उदाहरणांत जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण पाळीच्या वेळा, गेटच्या आतली जागा आणि उशीर झालेल्या माणसाला घरी पोहोचवण्याची सोय या गोष्टी कोणा एका कर्मचाऱ्याच्या हातात नसतात.

आधी गेटवर मोजणी, मग फॉर्म

पहिले काम म्हणजे गेटवर उभे राहून मोजणे. सुट्टीच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी आणि पगाराच्या दिवशी मोजणी करू नये. मधले तीन साधे दिवस घ्यावेत आणि प्रत्येक पाळीच्या आधी अर्धा तास सुरक्षा रक्षकाबरोबर एका माणसाला वही देऊन बसवावे. किती मोटारी आल्या, प्रत्येकीत किती माणसे होती, किती दुचाकी आल्या, कंपनीच्या बसने, केएमटीने (शहर बसने) किंवा वडापने किती जण आले आणि पायी किती आले, एवढेच लिहायचे. समजा ६० मोटारींतून ७२ माणसे आली, तर एका मोटारीत सरासरी १.२ माणसे बसतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, कारण पुढे तीन महिन्यांनी आपले काम झाले की नाही हे त्याच्याशी तुलना करूनच कळणार आहे.

त्यानंतर कर्मचाऱ्यांसाठी एक पानाचा फॉर्म काढावा. त्यात ‘तुम्हाला कार शेअरिंग आवडेल का?’ हा प्रश्न घालू नये, कारण त्याला जवळजवळ सगळेच होकार देतात आणि त्या होकाराचा काही उपयोग होत नाही. उपयोगाचे प्रश्न वेगळे असतात: कोणत्या चौकातून किंवा थांब्यावरून तुम्ही महामार्गाकडे निघता, मुलांना शाळेत सोडून येता का, गेल्या आठवड्यात किती दिवस पाळी संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत बाहेर पडलात, गाडी स्वतःची आहे का आणि ती घरात आणखी कोणाला लागते का. घराचा पूर्ण पत्ता मागण्याची गरज नाही. गल्ली आणि घर क्रमांक न विचारता केवळ जवळचा चौक विचारला, तर जोड्याही नीट जमतात आणि विशेषतः महिला कर्मचारी फॉर्म मोकळेपणाने भरतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, हे लक्षात ठेवून हे फॉर्म कोणाकडे राहतील आणि किती काळ राहतील तेही फॉर्मवरच छापावे.

सुटण्याच्या वेळेबद्दल फॉर्मवरील उत्तरापेक्षा टाइम ऑफिसमधील पंचिंगच्या नोंदी जास्त खऱ्या असतात. महिन्याभराच्या नोंदी काढून पाहिल्या की मेंटेनन्स, डिस्पॅच आणि गुणवत्ता तपासणी या विभागांतील माणसे रोज वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, तर लेखा, स्टोअर्स आणि डिझाइन विभागांतील माणसे बहुधा ठरल्या वेळी निघतात, असे साधारणपणे दिसते. सुरुवात दुसऱ्या प्रकारच्या विभागांपासून करावी.

जोड्या बसवणे

कोल्हापूरचा नकाशा भिंतीवर लावून त्यावर प्रत्येक चौकाची टाचणी टोचण्याची जुनी पद्धत मला संगणकावरील तक्त्यापेक्षा अजूनही बरी वाटते, कारण नकाशासमोर चार कर्मचारी उभे राहिले की ते स्वतःच बोलू लागतात: ‘अहो, हे पाचगावचे पाहुणे तर माझ्या दारावरूनच जातात.’ कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याला पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी हा एक पट्टा सहज सापडतो. राजारामपुरी, सायबर चौक, उजळाईवाडी हा दुसरा. आणि फुलेवाडी, रंकाळा, शिवाजी पेठ, संभाजीनगर हा तिसरा. शिरोलीच्या कारखान्यांना कसबा बावड्याहून शियेमार्गे येणारे आणि तावडे हॉटेलवरून पंचगंगेचा पूल ओलांडून येणारे असे दोन वेगळे गट करावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. इचलकरंजी आणि हुपरीकडून येणाऱ्यांचा गट तर शहरातल्या गटांपेक्षा आधी जमतो, कारण त्यांच्या रस्त्याला पर्याय कमी असतात.

वळसा हा या कामातील सर्वांत मोठा शत्रू आहे. ज्याची मोटार आहे त्याला नेहमीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटांहून अधिक आधी निघावे लागत असेल, तर ती जोडी कागदावर कितीही चांगली दिसली तरी जमवू नये. मोटार मंगळवार पेठेच्या किंवा शिवाजी पेठेच्या बोळात बोलावण्याचा हट्ट कोणी धरू नये. प्रत्येकाने मुख्य रस्त्यावरील ठरल्या जागी येऊन उभे राहावे. ही जागा ठरवताना केएमटीच्या थांब्यावर मोटार उभी राहणार नाही आणि पावसात आडोसा मिळेल, एवढे पाहावे. चालकाने ठरल्या वेळेनंतर तीन मिनिटे थांबावे आणि मग निघावे, आणि हा नियम पहिल्याच दिवशी लेखी असावा, कारण तो नसला की रोज वाट पाहणारा माणूस मनात कुढत राहतो आणि एका सोमवारी कोणालाही न सांगता गट सोडतो.

गटात किती माणसे असावीत, याबद्दल माझे मत तीन असे आहे. चार माणसे बसली तर खर्च आणखी वाटला जातो हे खरे, परंतु छोट्या मोटारीत मागच्या आसनावर डबे, बॅगा आणि रेनकोट घेऊन दाटीने बसण्याचा कंटाळा लवकर येतो, आणि चार जणांच्या सुट्ट्या, लग्नकार्ये, यात्रा-जत्रा यांचा मेळ तीन जणांपेक्षा फार अवघड असतो. शेजारच्या गटाशी मात्र ओळख करून द्यावी, म्हणजे एखाद्या गटातील दोघे रजेवर असतील त्या दिवशी तिसऱ्याला त्या गटात जागा मिळते.

लहान कारखान्यांची अडचण वेगळी आहे. तीस-चाळीस माणसांच्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये एकाच पट्ट्यातून, एकाच पाळीला येणारी आणि मोटार असलेली तीन माणसे सापडतीलच असे नाही. तेथे शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी एकत्र यावे. शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा आणि कागल-हातकणंगलेत मॅक या उद्योजकांच्या संघटना आहेत; त्यांच्या बैठकीत हा विषय मांडून समान पाळीच्या कारखान्यांची सामायिक यादी केली, तर एकट्या कारखान्याला जे जमत नाही ते जमते.

परतीची हमी

या संपूर्ण मार्गदर्शनातील एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करावी.

मी ज्या कारखान्यात तेव्हा प्रशासनाचे काम पाहत होतो, तेथे आम्ही अशीच एक योजना उत्साहाने सुरू केली होती. जुलै महिना होता. गुणवत्ता तपासणी विभागातील एका सहकाऱ्याला ग्राहकाकडून आलेल्या तपासनिसांबरोबर थांबावे लागले, कारण कास्टिंगच्या एका लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेल्या पोकळ्या, सापडले होते. साडेपाचला त्याच्या गटाची मोटार निघून गेली. नियमाप्रमाणे ती निघणे बरोबरच होते. साडेसातला तो मोकळा झाला आणि त्याने गेटवर येऊन कंपनीच्या गाडीची चौकशी केली. गाडी समोर शेडमध्ये उभी होती आणि चालकही हजर होता, पण गाडी सोडण्याच्या कागदावर सही करण्याचा अधिकार एकट्या व्यवस्थापकांना होता आणि ते सहालाच घरी गेले होते. सुरक्षा रक्षकाने दोनदा फोन लावून पाहिला. शेवटी तो सहकारी भर पावसात लक्ष्मी टेकडीपर्यंत चालत गेला, अर्धा तास उभा राहिला आणि नऊ वाजता एका वडापने घरी पोहोचला. दुसऱ्या दिवशी तो आपली दुचाकी घेऊन आला, आणि तो आठवडा संपण्याआधी त्याचा गट मोडला. त्या गटाकडे पाहून आणखी दोन गट मोडले. त्या कागदावर कोणाची सही लागेल हे मी आधी विचारले नव्हते, याची मला आजही खंत आहे.

म्हणून परतीची हमी लेखी द्यावी आणि तिचा अधिकार पाळीच्या प्रमुखाकडे, म्हणजे त्या वेळी कारखान्यात हजर असलेल्या माणसाकडे द्यावा. कामामुळे थांबावे लागले, घरी कोणी आजारी पडले किंवा गटातील चालकालाच अचानक जावे लागले, या तीन कारणांसाठी कंपनीची गाडी किंवा कंपनीच्या खर्चाने रिक्षा-टॅक्सी मिळेल, असे स्पष्ट लिहावे. दर महिन्याला एका माणसाने अशी सोय किती वेळा घ्यावी याला मर्यादा घालता येते, परंतु पहिले सहा महिने ती घालू नये. व्यवस्थापनाला या खर्चाची धास्ती वाटते. प्रत्यक्षात हमी आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि ती क्वचितच वापरतो. ठरल्या वेळेच्या तासभर आधी ओव्हरटाइमची कल्पना द्यावी, अशी सूचना विभागप्रमुखांना दिली, तर निम्मे प्रसंग उद्भवतच नाहीत.

पैसे, परवाना आणि विमा

पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी मोटार भाड्याने चालवता येत नाही, हे सर्वांना माहीत असते. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ६६ प्रमाणे वाहतुकीच्या व्यवसायासाठी वाहन वापरायचे तर परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय तसा वापर केला तर दंडाची तरतूद आहे. खाजगी मोटारीचा विमाही भाड्याच्या वापराला लागू होत नाही. अपघात झालाच आणि मागे बसलेल्यांनी ‘आम्ही रोज पन्नास रुपये देत होतो’ असे सांगितले, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आधार मिळतो. पैऱ्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यात पैशांची देवघेव नसते: तिघांकडे मोटारी असतील तर एका आठवड्यात एकाची, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याची, तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्याची.

यातील बचत साध्या गणिताने दिसते. शहरातून कागलपर्यंत एका दिशेने २० किलोमीटर धरले, तर रोजचे ४० आणि २५ दिवसांचे १००० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला त्यासाठी सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागते, आणि लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याला ७,००० रुपये खर्च होतात. तिघांच्या पैऱ्यात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २,३५० रुपये येतात. टायर, सर्व्हिसिंग आणि महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे गेली काही वर्षे सोसावी लागलेली ओढाताण यात धरलेली नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, या हिशेबाने असा एक गट महिन्याला ३०० किलोच्या आसपास उत्सर्जन टाळतो. हा आकडा कारखान्यालाही उपयोगी पडतो: शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या मोठ्या कंपन्यांना बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यातून होणारे उत्सर्जन हा अप्रत्यक्ष उत्सर्जनाच्या मोजणीतील एक मान्य प्रकार आहे, त्यामुळे अशा कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याकडे गेटवरील मोजणीची वही तयार असलेली बरी.

ज्याच्याकडे मोटार नाही त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याला पैऱ्यातून वगळावे असे मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा ठरवताना दर फेरीचे किंवा दर माणसाचे भाडे कधीही ठरवू नये, आणि मोटारीच्या मालकाला त्यातून नफा होऊ नये. इंधनाचा खर्च वाटून घेण्याची पद्धत ठेवायची असेल, तर आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे आणि कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र देऊन खुलासा मागवावा. केंद्र सरकारने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत खाजगी मोटारीतील सामायिक प्रवासाचा विचार केला असला, तरी अंतिम निर्णय राज्यांवर सोपवला होता. त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये. पत्राचे उत्तर फाइलला लागेपर्यंत मोटार असलेल्यांचेच गट चालवावेत.

गटात येणाऱ्या प्रत्येक मोटारीची कागदपत्रे दर सहा महिन्यांनी पाहावीत: चालकाचा परवाना, पीयूसी आणि विमा. केवळ थर्ड पार्टी विमा असलेली मोटार पैऱ्यात घेऊ नये, कारण त्यात मोटारीत बसलेल्या सहकाऱ्यांना संरक्षण मिळेलच असे नाही. पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असावी आणि तिच्यात सहप्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घेतलेला असावा. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण सहसा मोटारीच्या पॉलिसीसोबतच घेतलेले असते, परंतु शेजारी बसलेल्यासाठी ते वेगळे घ्यावे लागते, आणि हा जोड-विमा महाग नसतो. कंपनीने त्याचा हप्ता भरला, तर योजनेवरचा विश्वास वाढायला त्याहून चांगली गोष्ट नाही. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेतील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, २०१० च्या दुरुस्तीपासून घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यानच्या प्रवासातील अपघातही परिस्थिती पाहून कामाशी संबंधित धरला जाऊ शकतो. म्हणून कोण कोणत्या गटात आहे याची तारीखवार नोंद टाइम ऑफिसात ठेवणे कर्मचाऱ्याच्याच हिताचे आहे.

सावलीतील जागा आणि युनियनशी बोलणी

बक्षिसे, प्रमाणपत्रे आणि महिन्याचा सर्वोत्तम गट यांवर खर्च करण्यापेक्षा गेटजवळची छपराखालील जागा द्यावी. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या मोटारीत संध्याकाळी बसणे आणि जुलैच्या पावसात पार्किंगपासून पंचिंगपर्यंत भिजत जाणे, हे दोन्ही ज्याने अनुभवले आहे त्याला या जागेचे मोल कळते. तीन माणसे घेऊन आलेल्या मोटारीला ही जागा मिळेल, एवढाच नियम असावा आणि तो सुरक्षा रक्षकाला गेटवरच पाहता यावा. नंतर तपासणी, पास आणि शिक्के यांत गुंतू नये. यासाठी आज ती जागा वापरणाऱ्या वरिष्ठांच्या मोटारी हलवाव्या लागतात. वर्क्स मॅनेजर स्वतः आठवड्यातून दोन दिवस जरी एखाद्या गटात आले, तरी शंभर सूचनापत्रकांचे काम होते. ते एकटेच येऊन सावलीत मोटार लावत राहिले, तर बाकीचे लोक योजनेचा जो अर्थ घ्यायचा तो घेतातच. एक मोटार उभी करायला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते आणि ती बाहेर काढायची वाट धरली तर जवळजवळ दुप्पट, हा हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवला की शेड वाढवण्याचा खर्च आणि योजनेचा खर्च त्यांनाच तोलून पाहता येतो.

युनियनच्या प्रतिनिधींना योजना जाहीर होण्याआधी बोलवावे. कामगारांच्या मनात दोन शंका हमखास असतात: पुढे कंपनीची बस बंद करतील आणि प्रवास भत्ता कापतील. यांपैकी काहीही होणार नाही, असे सूचनापत्रकात पहिल्या परिच्छेदातच लिहावे, आणि ते खरोखर होऊ देऊ नये. बसने आणि केएमटीने येणारी माणसे मोटारीत ओढून घेणे हा या आराखड्याचा हेतू असूच शकत नाही. तसे झाले तर रस्त्यावरील एकही मोटार कमी होत नाही आणि बस मात्र रिकामी पडते. दुचाकीवरून महामार्गाने येणाऱ्याला मोटारीत जागा मिळाली तर मात्र मी ते चांगलेच मानतो, कारण गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागून दुचाकी चालवणे किती जोखमीचे आहे, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही.

महिला कर्मचाऱ्यांसाठी काही गोष्टी आधीच पक्क्या असाव्यात. केवळ महिलांचा गट हवा असेल तर तो मिळावा. गट सोडताना कारण सांगण्याची सक्ती नसावी. आणि गटातील वागणुकीची तक्रार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीकडे करता येईल, हे नियमावलीत लिहिलेले असावे. रात्रपाळीतील महिलांना घरी सुरक्षित पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि कार शेअरिंग हा तिच्यावरचा तोडगा म्हणून वापरू नये.

पावसाळ्यासाठी वेगळे पान

कोल्हापुरात केलेल्या प्रवास आराखड्यात पुराचे पान नसेल तर तो आराखडा अपुरा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली, तेव्हा नदीच्या एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला घर असलेल्या माणसांचे हाल झाले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की गटांनी काय करायचे ते आधीच ठरवावे: नदीपलीकडे राहणाऱ्यांना पाळी संपण्याची वाट न पाहता सोडायचे, ज्या मोटारीत जागा आहे तिने गट न पाहता माणसे घ्यायची, आणि शेवटचा माणूस घरी पोहोचल्याचा निरोप टाइम ऑफिसला येईपर्यंत तेथील माणसाने जागा सोडायची नाही. यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे ‘नदीअलीकडे’ किंवा ‘नदीपलीकडे’ एवढीच खूण असलेली यादी मे महिन्यातच छापून गेटवर ठेवावी. पैऱ्यातील ओळखी येथे फार उपयोगी पडतात, कारण कोण कुठे राहतो आणि कोणाच्या घरी म्हातारी माणसे आहेत, हे गटातील सोबत्यांना ठाऊक असते.

सुरुवात आणि फेरतपासणी

पहिल्या महिन्यात पाच-सहा गटांपेक्षा जास्त गट करू नयेत. एका समन्वयकाकडे हे काम द्यावे आणि त्याच्या रोजच्या कामातून त्यासाठी आठवड्याला तीन-चार तास अधिकृतपणे मोकळे करावेत. ‘जमेल तसे बघ’ असे सांगून दिलेले काम होत नाही. पहिले दोन आठवडे त्याने रोज संध्याकाळी गेटवर थांबून गटांची विचारपूस करावी. रेडिओचा आवाज, एसी, मोटारीत फोनवर बोलणे, वाटेत भाजी घ्यायला थांबणे अशा बारीक गोष्टींवरून कुरबुरी सुरू होतात आणि त्या वेळेवर बोलल्या गेल्या की मिटतात. गट जमत नसेल तर तो ओढून ताणून टिकवू नये. माणसे दुसरीकडे बसवावीत.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच तीन साधे दिवस निवडून, त्याच वहीत, त्याच पद्धतीने गेटवर मोजणी करावी. १.२ चा आकडा १.४ झाला असेल तर काम चांगले चालले आहे. त्याच ७२ माणसांना आता ६० ऐवजी ५१-५२ मोटारी पुरतात, आणि शेडमधील रिकाम्या आठ-नऊ जागा डोळ्यांना दिसतात. आकडा हलला नसेल तर आधी परतीच्या हमीचे रजिस्टर उघडून पाहावे. त्यात एकही नोंद नसेल, तर हमीची माहिती लोकांपर्यंत पोहोचलेली नाही किंवा सही कोणाची हे अजून स्पष्ट नाही, असे समजावे. नवीन कर्मचारी रुजू होतो त्या दिवशी त्याच्या नेमणुकीच्या कागदांबरोबरच पट्ट्यांचा नकाशा आणि एक पानाचा फॉर्म द्यावा, आणि त्याच्या चौकातून येणाऱ्या गटाशी त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये गाठ घालून द्यावी. पहिल्या पगारानंतर त्याने मोटारीच्या कर्जाची चौकशी सुरू करण्याआधी त्याची जागा एखाद्या गटात ठरलेली असली पाहिजे.